वारा फिरण्याची वेळ

पहाटेचे चार दहा. रास अल खैमा.
आर्द्रता चौदा टक्के, अजून उतरेल.
वारा आग्नेयेचा, डोंगरावरून खाली,
दुपारनंतर वायव्येचा, समुद्राकडून.
रात्रभर दव नाही.
शेवटचा पाऊस सत्तावीस दिवसांपूर्वी, दीड मिलिमीटर,
तोही गाड्यांच्या काचांवर मातीचे ठिपके सोडून गेला.

हे सगळं मी इंग्रजीत लिहिते,
शेजारच्या टेबलावर मरियम त्याचं अरबी करते.
दोन्हीकडे दिशा म्हणजे नुसती दिशा.
मराठीत मात्र कुणीतरी आधीच कामं वाटून ठेवलीत:
आग्नेयेला आग, वायव्येला वारा,
आणि त्या दोघांना जोडणाऱ्या रेघेवर आज
खजुराच्या बागा, दोन वर्षं न छाटलेल्या,
वाळक्या झावळ्यांचे परकर खोडाभोवती तसेच.

धोक्याचे रकाने पाच. हिरवा ते जांभळा.
मी केशरीवर बोट ठेवते, उचलते, परत ठेवते.
लाल लिहिलं तर तीन टँकर
सकाळपासून उन्हात उभे राहतात,
आणि काही झालं नाही की संध्याकाळी फोन येतो,
इंदुलकर मॅडम, आज नक्की काय होतं?

खरा प्रश्न एकच: वारा किती वाजता फिरणार.
तोवर आग चिंचोळी, समुद्राकडे धावणारी.
तो फिरला की तिची कूसच तोंड होते,
अख्खी लांबी एकदम चालू लागते.
मी लिहिलं, दोन वाजता.

साडेसहाला व्हॉट्सॲपवर दिलमुरादचा आवाज.
बलुची माणूस. हिंदी त्याची मोडकी, माझीही.
त्याला आगीचं काही विचारायचं नसतं.
त्याच्या कमरेला नर-फुलोऱ्याची पुरचुंडी,
मादी झाडं उमललीत, चाळीस,
वारा भरला तर भुकटी उडून जाते.
दोनपर्यंत चढू का?
चढ, म्हटलं. दोनपर्यंत चढ.

बारा चाळीसला फोन.
झाडावरूनच बोलत होता, दोराच्या पट्ट्याला पाठ टेकून.
"मॅडम, तुमचा वारा आला."
मागे काहीतरी तडतडत होतं.
मला वाटलं, नेटवर्क.

शेजारची बाग. कुणी म्हणतं कचरा पेटवला, कुणी म्हणतं तार.
धूर आधी समुद्राकडे झुकलेला,
मग क्षणभर सरळ उभा राहिला,
काही विसरल्यासारखा,
आणि मागे वळला.
एकोणीस झाडं, पंपाची खोली, बकऱ्यांचा गोठा.
बकऱ्या सुटल्या.
घाईत उतरताना दिलमुरादच्या तळहातांची सालं गेली.
राहिलेल्या चौदा झाडांबद्दल तो मला काही बोलत नाही.
एवढंच सांगतो, सव्वीस झाली.

अहवालात लिहिलं: फरक, एक तास वीस मिनिटं.
"स्वीकारार्ह मर्यादेत" हे खाली छापलेलंच असतं.

रात्री बाबांचा फोन.
तिकडे वरच्या माळावर राब भाजून झालाय.
काडी ओढण्याआधी ते मूठभर तूस हवेत सोडतात,
एकदा नाही, तीनदा,
कारण पहिल्यांदा विचारलं की वारा थापा मारतो.
तुमच्याकडे कुठला, विचारतात.
सकाळी आग्नेयेचा.
आणि मग?
मग वायव्येचा.
किती वाजता?

मी खिडकी उघडते. अजूनही दव नाही.
काचेच्या पट्टीवर बारीक काळं काही बसलंय,
बोट फिरवलं तर रेघ उमटते.
म्हणते, बाबा, इथे तूस मिळत नाही.

मग राख सोड, ते म्हणतात.